रिकामं खोकं परत देऊ नये

वाळवेकरांच्या घरी मागवलेली मोकळी जागा मंगळवारी सकाळी साडेअकराला आली, तीन चपट्या खोक्यांत. खोक्यांना वजन काहीच नव्हतं. तरी एक खोकं दोघांनी मिळून उचलावं असा कंपनीचा नियम असल्यामुळे दोन माणसं ती जिन्यानं वर घेऊन आली आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत रीतसर दमली. वाळवेकरांच्या पत्नी हेमलताबाईंनी त्यांना पाणी दिलं.

सांगलीत मोकळी जागा मिळत नाही असं कुणी म्हणणार नाही. पण ती घराबाहेरची, गुंठ्यावर मोजायची. घराच्या आतली, पांढऱ्या भिंतीला शोभेल अशी जागा स्वीडनहूनच मागवावी लागते. हेमलताबाईंनी ती मागवली होती, कारण त्यांचा मुलगा सुमेध स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला राहत होता आणि पाच वर्षांनी, बारा डिसेंबरला, अठरा दिवसांसाठी घरी येणार होता. मागच्या वेळी तो वीस दिवसांसाठी आला आणि सोळाव्या दिवशीच ऑफिसचं काम निघालं म्हणून गेला. जाण्याच्या आदल्या दिवशी दिवाणावरच्या पापडांच्या डब्याशेजारी अंग चोरून बसत तो म्हणाला होता, “किती सामान आहे गं आई!” ते चार दिवस सामानानंच खाल्ले, अशी हेमलताबाईंची पक्की समजूत झाली. पाच वर्षं ते वाक्य त्यांच्या मनात कुसळासारखं टोचत होतं.

सुमेधचं तिकडचं घर त्यांनी फोनवर पाहिलं होतं. पांढरी भिंत, फिकट लाकडाची एक खुर्ची, खाली लोंबणारा एक दिवा आणि बरणीत एक वाळकी फांदी. ती फांदी पाहून वाळवेकर म्हणाले होते, “झाड मेलंय वाटतं त्याचं.” हेमलताबाईंनी मात्र मनाशी ठरवलं, की या वेळी पोराला आपल्या घरी परकं वाटता कामा नये. रंगारी बोलावून भिंती पांढऱ्या करून झाल्या. लाकडी स्टुलं आली. लोकरीची राखाडी घोंगडी आली, ती सांगलीच्या उन्हात नुसती बघितली तरी घाम फुटायचा. राहिली होती फक्त मोकळी जागा.

ती बसवायला अस्लम मुजावर आला. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं कोल्हापुरात तीन घरांत आणि एका दवाखान्यात मोकळी जागा बसवलेली होती. त्यानं फीत काढून हॉल मापला आणि काचेच्या शोकेसपाशी थांबला.

“काकू, जागा बसवायची म्हंजे आधी तिथलं काढायला लागतंय. मागनं काढतो म्हटलं की जमत न्हाई. कोल्हापुरात एकांनी सोफ्यावरच बसवून घेतली. आता सोफा हाय, पण त्यावर कुणाला बसता येत न्हाई.”

शोकेस गॅलरीत गेली. मुजावरनं फॉर्म भरायला घेतला.

“काढलेली वस्तू, शोकेस एक. आत काय काय हाय?”

वाळवेकर पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. तीस वर्षं त्यांनी धरणांचे नकाशे गिरवले होते, त्यामुळे फॉर्म म्हटला की ते पुढे यायचे. त्यांनी काचेतून आत पाहिलं. शाळेतले कप, कन्याकुमारीचे शंख, लग्नात आलेलं आणि कधी न वापरलेलं लिंबू सरबताचं सहा ग्लासांचं खोकं. “संसार लिहा,” ते म्हणाले.

“तसा कॉलम न्हाई, साहेब.”

“मग ‘इतर’ लिहा.”

मुजावरनं ‘इतर’ लिहिलं. मग त्यानं खोकं उभं धरून वरची पट्टी कापली. जागा बाहेर पडली तशी हेमलताबाईंच्या कानाला दडे बसले, घाट चढताना बसतात तसे. हॉल अचानक लांब झाला. समोरच्या भिंतीपाशी उभे असलेले वाळवेकर त्यांना जरा लहान दिसायला लागले.

“यात काही ठेवायचं न्हाई,” मुजावर म्हणाला. “ठेवलं तर राहात न्हाई.”

वाळवेकरांनी दुसऱ्या दिवशी प्रयोग म्हणून तिथं वर्तमानपत्र ठेवलं. अर्ध्या तासानं ते गॅलरीत शोकेसवर सापडलं, नीट घडी घातलेलं. मग त्यांचा विश्वास बसला.

समोरच्या बिऱ्हाडातल्या मानेवहिनी जागा बघायला आल्या. त्यांच्या दोन मुली, एक हैदराबादला, एक मस्कतला. त्या उंबऱ्यात उभं राहून बराच वेळ बघत राहिल्या. “हेमाताई, छानच बसलीय हो. पण रंग द्यायचा राहिलाय का अजून?” हेमलताबाईंनी त्यांना सांगितलं, की तिकडे असंच असतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो खोक्यांवरून.

कंपनीचा नियम असा, की जागा बसवून झाली की आठ दिवसांत खोकी परत द्यायची. पुढच्या मंगळवारी मुजावर ती न्यायला आला. हेमलताबाईंनी तिन्ही खोकी ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून ठेवली होती. नेताना त्याला आत काहीतरी घरंगळल्यासारखं वाटलं. त्यानं उघडून पाहिलं, तर रव्याचे अकरा लाडू.

“काकू, ही रिकामीच द्यायची असतात.”

“लोकांचं भांडं रिकामं कसं परत द्यायचं? तुमच्याकडे देतात का?”

मुजावर विचारात पडला. त्याची आई शेजारणीची वाटी परत करताना तळाला निदान चिमूटभर साखर तरी टाकायचीच. “न्हाई देत,” तो म्हणाला, आणि फॉर्मवर ‘इतर’ असं लिहून लाडवांसकट खोकी घेऊन गेला.

तीन आठवड्यांनी सहा खोकी आली. सोबत पत्र होतं, शुद्ध मराठीत.

‘आपण पाठवलेले लाडू मिळाले. कार्यालयात त्यांचं समान वाटप करण्यात आलं. आपल्या प्रदेशातील रीतीची चौकशी केली असता, भरून आलेलं भांडं रिकामं परत करणं योग्य समजलं जात नाही असं कळलं. सबब, आमच्याकडे जे आहे ते भरून खोकी परत पाठवत आहोत. कृपया गोड मानून घ्यावं.’

त्यांच्याकडे काय होतं? मोकळी जागाच होती.

हेमलताबाई सुखावल्या. परदेशात असून माणसं रीतभात पाळतात, याचं त्यांना कौतुक वाटलं. मुजावरनं फीत काढली. या वेळी दिवाण गेला आणि भिंतीवरची कॅलेंडरं, घड्याळ, गेलेल्या सासू-सासऱ्यांचे चंदनाच्या हारातले फोटोही उतरले. खोकी परत करायची वेळ आली तेव्हा हेमलताबाई पुन्हा रवा भाजायला लागल्या. वाळवेकर दारात येऊन उभे राहिले.

“अगं, त्यांनी सहा खोकी पाठवली. आपण लाडवांवर भागवायचं? दिसतं का ते बरं?”

“मग काय घालू?”

वाळवेकरांनी गॅलरीकडे पाहिलं. शोकेस तिथं उन्हात तापत होती, तिच्याशेजारी दिवाण भिंतीला टेकून उभा होता. ज्या खोक्यात हॉलभर जागा मावली होती, त्यात शोकेस न मावायला काय झालं? मावली. दिवाणही मावला, वर घड्याळ आणि त्यावर चादर घालायलाही जागा उरली. फोटो मात्र हेमलताबाईंनी कपाटात ठेवले.

तिसऱ्या खेपेला बारा खोकी आली, आणि जागा स्वयंपाकघरात शिरली. मांडणी निघाली. मांडणीवरचे डबे निघाले. हे डबे म्हणजे हेमलताबाईंचा जीव होता. सुमेधच्या बारशात आलेला एकूण एक डबा, वाटी, तांब्या त्यांनी जपला होता आणि प्रत्येकावर मशिननं ठिपक्याठिपक्यांत नाव कोरलेलं होतं: ‘चि. सुमेध मुरलीधर वाळवेकर, कराडकर मामांकडून’, ‘चि. सुमेध यास आत्याकडून’. डबे पुसून खोक्यात भरताना त्यांना पहिल्यांदा वाईट वाटलं. पण रिकामा डबा तरी कसा द्यायचा, म्हणून त्यांनी एकात साखर भरली, एकात चिवडा, एकात शेव. दिवाळी जवळ आली होती. त्या वर्षीचा निम्मा फराळ असा गेला.

“आता पुरे म्हणून कळवून टाकतो,” वाळवेकर म्हणाले. घरात आता दोघं दोन स्टुलांवर बसायची, आणि मध्ये इतकी जागा असायची, की चहा हवा का हे दोनदा विचारावं लागायचं. पहिल्यांदा विचारलेलं वाटेतच कुठंतरी राहून जायचं. वाळवेकरांनी एका ओळीचं पत्र पाठवलं: ‘जागा पोचली. पुरे.’

उत्तर वेळेवर आलं.

‘आपलं पत्र मिळालं. आमच्या माहितीप्रमाणे आपल्याकडे पाहुण्यानं ‘पुरे’ म्हटल्यावर त्यास आणखी दोनदा वाढण्याची पद्धत आहे, आणि न वाढल्यास तो अपमान समजला जातो. त्यानुसार आणखी दोन खेपा पाठवत आहोत. संकोच नसावा.’

वाळवेकरांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं, कारण ठेवायला दुसरी जागा उरली नव्हती. “माहिती बरोबर आहे त्यांची,” ते म्हणाले.

चौथी खेप आली तेव्हा फक्त सुमेधची खोली राहिली होती.

त्या खोलीत त्याचं अभ्यासाचं टेबल होतं. टेबलावर काच, आणि काचेखाली त्याच्या हातचं दहावीचं वेळापत्रक. सहा ते आठ गणित. आठ ते साडेआठ आंघोळ व नाश्ता. असं करत करत पाच ते पाच-वीस, ‘आईशी गप्पा’. त्यानं ते लाल शाईनं लिहिलं होतं, बाकी सगळं निळ्यानं. परीक्षा संपली, पोरगं पुण्याला गेलं, मग स्वीडनला गेलं, तरी रोज पाचला हेमलताबाई त्या खोलीत केर काढायला जायच्या. केर वीस मिनिटांचा नव्हता, हे वाळवेकरांना माहीत होतं.

मुजावरनं फीत लावली आणि थांबला. “हे ऱ्हाऊ दे काय, काकू? एक टेबल असलं तर चालतंय. मी फॉर्ममध्ये बसवतो.”

“राहू दे गं,” वाळवेकरही म्हणाले. “तो त्यावर पुस्तकं ठेवील.”

हेमलताबाई काचेवरून हात फिरवत उभ्या होत्या. नको म्हणायचं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. ते तेव्हाच म्हटलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं, असं त्यांना नंतर कितीतरी वेळा वाटलं. पण त्या म्हणाल्या, “तो म्हणालाच होता ना, किती सामान आहे म्हणून. आता येतोच आहे तर नीट मोकळं राहू दे त्याला.”

टेबल गेलं. काच फुटू नये म्हणून त्यांनी तिच्यावर आपलं जुनं इरकली लुगडं गुंडाळलं. त्याच खोक्यांतून कपाट गेलं, फोटोही गेले. त्यांच्या जागी पाचवी खेप बसली. कंपनीनं शब्द पाळला. त्यानंतर खेप येणार नाही असं कळवलं, फक्त शेवटची खोकी तेवढी परत करायची होती. घरात आता एक कुकर, दोन ताटं, दोन स्टुलं, ती राखाडी घोंगडी आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देव उरले होते. देव द्यायचे नाहीत, यावर दोघांचं एकमत होतं. बारा तारीख आठ दिवसांवर आली होती. हेमलताबाई पांढऱ्या हॉलमध्ये उभ्या राहून चहूकडे बघायच्या आणि स्वतःला बजावायच्या, की आता पोराला इथं परकं वाटणार नाही.

रविवारी दुपारी सुमेधचा फोन आला, चेहरा दिसणारा. हेमलताबाईंना क्षणभर कळेना. सुमेधच्या मागे शोकेस होती. शोकेसमध्ये लिंबू सरबताच्या ग्लासांचं खोकं. भिंतीवर आजी-आजोबा, चंदनाच्या हारासकट. आपला मुलगा न सांगता घरी आला आणि आपणच कुठंतरी बाहेर आहोत, असं त्यांना वाटलं.

“आई, ओळख बघू, मी कुठं बसलोय?”

“कुठं रे?”

“माझ्या टेबलाशी! अगं, ती कंपनी इथलीच, माझ्याच शहरातली. डब्यांवर माझं नाव कोरलेलं निघालं ना, म्हणून त्यांनी सरकारी नोंदीतून माझा पत्ता काढला. इथे ज्याच्या नावाची वस्तू त्याला पोचवायचा नियम आहे. डब्यांबरोबर आपल्या घरून आलेलं बाकीचं सगळंही आणून लावून दिलं. आधी मला वाटलं, कुणाची तरी चूक झालीय. मग शेवेची चव ओळखू आली.” तो हसला. त्यानं डब्यातला चिवडा तोंडात टाकला. तो दिवाणाच्या कडेला अंग चोरून बसायचा तसाच बसला होता, आणि फार आनंदात होता. “काय सांगू आई! पाच वर्षांत पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटतंय.”

“बरं झालं,” हेमलताबाई म्हणाल्या. त्यांना खरंच बरं वाटलं. “बाराला किती वाजता उतरतोस?”

सुमेधनं डब्याचं झाकण लावलं. “तेच सांगायचं होतं. तिकीट रद्द केलंय मी. म्हणजे, येऊन काय करणार होतो मी? हेच सगळं बघायला येत होतो ना. आता मे महिन्यात वगैरे बघू.”

वाळवेकर समोरच्या स्टुलावर होते. त्यांच्यापर्यंत बोलणं पोचायला वेळ लागला, पण पोचलं.

“तू मागच्या वेळी म्हणाला होतास,” हेमलताबाई म्हणाल्या, “किती सामान आहे म्हणून.”

“हो, मग? कौतुकानं म्हटलं होतं गं. इथल्या घरात बोललं की घुमतं. तिथं कसं सगळं भरलेलं, ऊबदार. जाववत नव्हतं मला. ऑफिसनं बोलावलं नसतं तर आणखी चार दिवस राहिलो असतो.” मग त्यानं फोन जवळ घेतला आणि त्यांच्या मागे बघत विचारलं, “पण तू कुठं आहेस? हॉटेलात वगैरे उतरलायत का?”

“घरीच आहे रे.”

“आपल्या?” त्यानं पुन्हा पाहिलं. “छान केलंय. पण ओळखू नाही आलं.”

मग त्यानं तिकडच्या थंडीचं सांगितलं, गुडघे कसे आहेत विचारलं, बाबांना गोळ्या वेळेवर घ्यायला सांगितलं. मध्येच त्याची नजर काचेखाली गेली. “आई, वेळापत्रकात बघ, तुझी वीस मिनिटं आहेत. आता दर रविवारी तेवढी नक्की. टेबलच समोर आहे, विसरणार कसं?” आणि वीस मिनिटं झाल्यावर त्यानं फोन ठेवला. दहावीतही तो वेळेचा असाच पक्का होता.

वाळवेकर उठून जवळ आले. मधली जागा ओलांडायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. “टेबल ठेवायला हवं होतं,” ते म्हणाले.

“हो,” हेमलताबाई म्हणाल्या. “माझीच चूक झाली.”

मंगळवारी मुजावर शेवटची खोकी न्यायला आला. हेमलताबाईंनी ती पुसून ठेवली होती. मुजावरनं चारी बाजूंनी घर पाहिलं आणि चपला न काढता दारातच उभा राहिला.

“आज रिकामीच द्या, काकू. मी काही लिहीत न्हाई.”

“असं कसं? इतके दिवस त्यांनी रीत पाळली.”

पण घरात घालायला खरोखरच काही नव्हतं. साखरेचा डबा गॉथेनबर्गला होता. हेमलताबाई समोरच्या दारी गेल्या आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मानेवहिनींकडे वाटीभर साखर मागितली. मानेवहिनींनी शीग लावून वाटी भरली आणि सुमेध किती तारखेला येतोय ते विचारलं. हेमलताबाईंनी सांगितलं, की तो घरी पोचला. ते खोटं नव्हतं.

साखर खोक्यात गेली, थोडी देवापुढे ठेवली. मुजावरनं खोकी काखेत मारली. जाताना तो म्हणाला, “परत येणार बघा ही, भरून.”

“येऊ देत,” हेमलताबाई म्हणाल्या.

मग उरली वाटी. ती धुऊन, पुसून त्या हॉलमध्ये उभ्या राहिल्या. शेजारणीची वाटी, आणि तीही साखरेची. रिकामी कशी द्यायची? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. देव सोडले तर घरात एकच गोष्ट होती. जिथं शोकेस होती तिथं त्या वाकल्या, वाटी जमिनीलगत धरून हळूच भरून घेतली, वर तळहाताचं झाकण ठेवलं आणि समोरची बेल वाजवली.

मानेवहिनींनी वाटी हातात घेतली. त्यांच्या कानाला जरासे दडे बसले असावेत, कारण त्यांनी मान झटकली. मग त्यांनी वाटीत पाहिलं. मागे त्यांच्या हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, दोन मुलींच्या लग्नातले मोठे फोटो लावलेले होते.

“अगं बाई हेमाताई, एवढी कशाला?” त्या म्हणाल्या. “आम्ही दोघंच तर असतो. पुरे की.”

“असू दे हो वहिनी,” हेमलताबाई म्हणाल्या. “आमच्याकडे भरपूर आहे.”